दुकानामागची खोली आणि एका शहराचा आवाज

लग्नघरातला समूहफोटो आपण सर्वांनीच जपून ठेवलेला असतो. त्यात नवरानवरी असतात, दोन्हीकडचे व्याही असतात, पुढे मांडी घालून बसलेली मुले असतात. नसतो तो फक्त फोटो काढणारा. कोणाला पुढे बसवायचे, कोणाला मागे उभे करायचे, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, हे सारे त्यानेच ठरवलेले असते. फोटो चांगला उतरला की आपण म्हणतो, "वहिनी किती छान दिसतात!" फोटोग्राफरचे नाव मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

गाण्याच्या तबकडीचेही असेच आहे. गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत, गीत रचणाऱ्याचे लहान अक्षरांत, आणि ज्याने तो आवाज पकडून तबकडीवर उतरवला त्याचे नाव बहुधा नाहीच. वाचकहो, आज आम्ही अशाच एका न दिसणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरच्या या ध्वनिमुद्रकाचे नाव कोसिमो मटासा. फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, लॉइड प्राइस ही गायकांची नावे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असतील. ज्या संगीताला जग 'रिदम अँड ब्लूज' म्हणते आणि ज्याच्या पोटी पुढे 'रॉक अँड रोल' जन्माला आले, त्या संगीताच्या पहिल्या दहा वर्षांतील कितीतरी तबकड्या या एका माणसाच्या हाताखालून गेल्या. आणि त्या तयार झाल्या एका दुकानामागच्या खोलीत.

ऊस, क्रिओल आणि रविवार

हा माणूस ना मराठी, ना भारतीय. मग या पानावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या शहरातच आहे. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले. आपल्या बेटावर फ्रेंचांचा झेंडा लागला तो १७१५ मध्ये. तेथेही शहराच्या पलीकडे उसाचे मळे, तेथेही आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर उभी राहिलेली साखर आणि तेथेही फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोली. त्यांची क्रिओल वेगळी, आपली वेगळी. पण दोघी बहिणी शोभाव्यात इतके साम्य आहे.

त्या शहरातील गुलामांना रविवारी दुपारी एका मोकळ्या मैदानात जमून ढोल वाजवण्याची आणि नाचण्याची मोकळीक असे. १८१७ मध्ये शहराने नियम करून असे मेळावे ठरावीक जागीच भरवावेत असे बंधन घातले. त्या मैदानाला काँगो स्क्वेअर म्हणतात. आठवडाभर राबून थकलेल्या माणसाने सातव्या दिवशी ढोलावर थाप मारावी आणि घटकाभर आपण कोणाचे गुलाम आहोत हे विसरावे, ही गोष्ट सेगा ऐकत वाढलेल्या आपल्या मॉरिशसच्या माणसाला समजावून सांगायला नको.

अमेरिकेतील गुलामी १८६५ मध्ये संपली आणि उसाच्या मळ्यांना नवे मजूर हवे झाले. आपल्याकडे असेच झाले तेव्हा कोठ्यांवर भारतातून आपले पूर्वज आले. लुइझियाना राज्यात पुष्कळ माणसे आली ती इटलीच्या सिसिली बेटावरून. मळ्यात राबायचे, पैसा पैसा जोडायचा आणि जमले तर शहरात एखादे किराणा दुकान टाकायचे, ही त्यांतल्या अनेकांची वाट होती. त्यांनाही सगळे मानाने वागवीत होते असे नाही. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये खवळलेल्या जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. कोसिमो मटासा जन्मले ते या सिसिलियन समाजात, १३ एप्रिल १९२६ रोजी.

दुकानामागची खोली

कोसिमो यांचे वडील जॉन मटासा यांचे शहराच्या जुन्या फ्रेंच वस्तीत किराणा दुकान होते. आपल्या गावच्या कोपऱ्यावरचे चिनी दुकान डोळ्यांपुढे आणले म्हणजे कल्पना येईल. याशिवाय वडिलांचा एका भागीदाराबरोबर दुसरा धंदा होता, तो ज्यूकबॉक्सचा. नाणे टाकले की हवे ते गाणे वाजवणाऱ्या या पेट्या खाणावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत ठेवायच्या आणि नंतर फिरून पैसे गोळा करायचे, असा तो व्यवसाय.

कोसिमो ट्युलेन विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होते, पण त्यांचे मन त्यात रमेना. शिक्षण अर्धवट सोडून ते वडिलांच्या हाताखाली आले आणि ज्यूकबॉक्सच्या दुरुस्त्या करू लागले. पेटीतून काढलेल्या जुन्या तबकड्या त्यांनी विकायला ठेवल्या. गिऱ्हाइके विचारू लागली, "नव्या नाहीत का?" अशा रीतीने रॅम्पार्ट स्ट्रीट आणि ड्युमेन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर 'जे अँड एम म्युझिक शॉप' हे दुकान चालू लागले. दुकानाच्या मागे एक खोली रिकामी होती. १९४५ मध्ये, वयाची विशीही गाठलेली नसताना, कोसिमो यांनी तेथे ध्वनिमुद्रणाची सोय केली. कोणा हौशी माणसाने यावे, पैसे द्यावेत आणि आपला आवाज तबकडीवर उतरवून घरी न्यावा, एवढाच सुरुवातीचा हेतू होता.

ती खोली सुमारे १५ फूट बाय १६ फूट होती. आपल्याकडे एखाद्या घरातली बैठकीची खोली असते तेवढी. तिच्यात पियानो, ड्रम, बास, गिटार, तीन-चार सॅक्सोफोन आणि गायक, अशी सगळी मंडळी कोंबून बसवायची. यंत्राजवळ बसायची जागा तर एखाद्या कपाटाएवढी. आणि काँगो स्क्वेअरचे ते जुने मैदान तेथून काही पावलांवर. ज्या रस्त्यावर दीडशे वर्षांपूर्वी गुलामांचे ढोल ऐकू येत, त्याच रस्त्यावर त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा आवाज यंत्रात भरला जाणार होता.

शहरात तेव्हा दुसरी धड सोय नव्हती. त्यामुळे बाहेरगावच्या तबकडी कंपन्यांची माणसे गायक शोधीत आली की या खोलीकडेच वळत. १९४७ मध्ये रॉय ब्राउन यांनी येथे 'गुड रॉकिन् टुनाइट' हे गाणे गायले. पुढच्या वर्षी तेच गाणे वायनोनी हॅरिस यांनी गाऊन देशभर गाजवले आणि १९५४ मध्ये तरुण एल्व्हिस प्रेस्ली यांनीही ते गायले. दुकानामागच्या खोलीचे नाव हळूहळू पसरू लागले.

गाणे खोलीतच पुरे व्हायचे

आजच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते. गायक आज गातो, ड्रम उद्या वाजतो, चुकलेला एक स्वर परवा संगणकावर दुरुस्त होतो. मटासांच्या खोलीत यांतले काहीच नव्हते. सुरुवातीला तर टेपही नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा मऊ थर दिलेली तबकडी फिरायची आणि समोर गाणे चालू असतानाच यंत्राची सुई त्या थरात चर कोरीत जायची. कोणी चुकला, कोणाला खोकला आला, तर ती तबकडी फुकट. नवी घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचे. पुढे टेप आली, पण तिच्यावरही सगळे आवाज एकत्रच बसत. एकदा बसले की पियानो थोडा कमी करू, आवाज थोडा वाढवू, असे म्हणायची सोय नाही.

मग गाण्याचा तोल सांभाळायचा कसा? तो सांभाळायचा जागेने. मोठ्या आवाजाच्या वादकाला मायक्रोफोनपासून दूर उभे करायचे, हळू आवाजाच्या वादकाला जवळ आणायचे. सॅक्सोफोनवाल्याची पाळी आली की त्याने दोन पावले पुढे यावे, झाली की मागे जावे. हाताशी तीन-चार मायक्रोफोन. त्यांतला प्रत्येक एकाहून अधिक वाद्ये ऐकणार, कारण खोली एवढीशी. एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो म्हणून इतर ध्वनिमुद्रक डोक्याला हात लावीत. मटासांनी त्या शिरकावाचाच उपयोग करून घेतला.

लिटल रिचर्ड यांची ध्वनिमुद्रणे बसवणारे बम्प्स ब्लॅकवेल यांनी या खोलीची मांडणी सांगून ठेवली आहे. दारातून आत शिरताच मोठा पियानो, त्याचे झाकण वर उचललेले आणि आत मायक्रोफोन. ली ॲलन आणि आल्विन टायलर यांचे सॅक्सोफोन त्याच मायक्रोफोनकडे तोंड करून. अर्ल पामर यांचा ड्रम दाराबाहेर, कारण आत ठेवला तर बाकी कोणी ऐकूच येणार नाही. बासवाला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण बासचा घोष कसाही आला तरी सगळ्यांच्या मायक्रोफोनमध्ये मुरणारच.

याच शहरात लहानाचे मोठे झालेले आणि या स्टुडिओत वावरलेले संगीतकार डॉक्टर जॉन यांनी मटासांची पद्धत वर्णिली आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी मटासा यंत्राच्या कळी एकदा नीट लावीत आणि मग सहसा त्यांना हात लावीत नसत. ड्रम ठसठशीत, बास जड, पियानो आणि सॅक्सोफोन हलके, आणि सर्वांच्या पुढे गायकाचा गळा, असा तो नाद. पुढे लोक त्यालाच 'न्यू ऑर्लिन्सचा नाद' म्हणू लागले.

हात न लावणे ही साधी गोष्ट वाटते, पण ती तशी नाही. यंत्र ज्याच्या हाती असते त्याला सारखी काहीतरी फिरवाफिरवी करण्याचा मोह होतो. मटासा तसे करीत नसत. त्यांचा विश्वास वादकांवर होता. बँडचे नेते डेव्ह बार्थोलोम्यू यांनी गाणे बसवायचे, वादकांनी ते जसे शहरातल्या गुत्त्यांत आणि मिरवणुकांत वाजवीत तसे वाजवायचे, आणि यंत्रवाल्याने त्यात आपले काही घालायचे नाही, काही काढायचेही नाही. स्वयंपाक बार्थोलोम्यू यांचा आणि पंगतीला गरम वाढण्याचे काम मटासांचे, असे म्हणावे लागेल.

डॉमिनो येतात

१० डिसेंबर १९४९ रोजी २१ वर्षांचा एक जाडजूड तरुण या खोलीत पियानोपुढे बसला. तेच आंत्वान डॉमिनो. जग त्यांना फॅट्स डॉमिनो या नावाने ओळखते. त्यांचे घराणे व्हॅशरी या ऊसमळ्यांच्या भागातून शहरात आलेले. घरात क्रिओल बोलली जाई, वडील व्हायोलिन वाजवीत. डॉमिनो पलंगाच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत आणि रात्री पियानो वाजवीत. त्या दिवशी आठ गाणी मुद्रित झाली. त्यांतल्या 'द फॅट मॅन' या गाण्याने त्यांचे नशीब उघडले. ते गाणे आज ऐकले तर पियानोच्या डाव्या हाताचा तो धडधडता ठेका छातीत वाजतो. रॉक अँड रोलची सुरुवात कोठून धरायची यावर विद्वानांचे वाद चालू आहेत, पण त्या यादीत हे गाणे नेहमी असते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची खपाची यादी 'बिलबोर्ड' हे साप्ताहिक तोवर 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे एका वंशाच्या तबकड्या, या नावाखाली छापीत असे. जून १९४९ पासून त्या यादीला 'रिदम अँड ब्लूज' हे नाव मिळाले. यादी वेगळीच राहिली, पण नावातली हीनता तरी गेली. मटासांच्या खोलीतून त्या यादीत एकामागून एक गाणी जाऊ लागली. १९५२ मध्ये लॉइड प्राइस यांचे 'लॉडी मिस क्लॉडी' यादीच्या अग्रस्थानी सात आठवडे राहिले. त्यात पियानो डॉमिनो यांचाच. १९५३ मध्ये गिटार स्लिम यांच्या 'द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू' या गाण्यात पियानोवर होते रे चार्ल्स. जेरी ली लुईस हे शाळकरी वयाचे असताना १९५२ मध्ये आपले पहिले ध्वनिमुद्रण करायला याच खोलीत आले होते.

दारापलीकडचे शहर

हे सर्व कोणत्या शहरात चालले होते हे विसरून चालणार नाही. त्या काळी न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी, खाणावळ वेगळी, पाणी पिण्याची जागा वेगळी. ट्रामगाडीत काळ्यांनी कोठे बसायचे हे दाखवणारी पाटी असे आणि ती १९५८ पर्यंत होती. वादकांच्या संघटनासुद्धा दोन, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. ज्यांच्या गाण्यावर गोरी मुले घरोघर नाचत होती, त्या वादकांना ध्वनिमुद्रण संपल्यावर त्याच पाटीमागे बसून घरी जावे लागे.

मटासा काही चळवळे पुढारी नव्हते आणि आम्ही त्यांना तसे रंगवणार नाही. ते गोरे होते, दुकानदार होते आणि तासाच्या हिशेबाने खोली भाड्याने देत होते. पण त्या चार भिंतींत काळ्या कलावंतांना आपल्या पद्धतीने वाजवण्याची मुभा होती. हे गोऱ्यांना आवडेल का, हे जरा सौम्य करू का, असे म्हणून त्यांनी कोणाचा आवाज पातळ केला नाही. ज्या शहरात काळ्या माणसाला हळू बोलायला शिकवले जाई, तेथे त्याचा मोठा आवाज जसाच्या तसा तबकडीवर उतरवणे ही लहान गोष्ट नव्हती.

शेवटची पंधरा मिनिटे

याचा सर्वांत गाजलेला दाखला १४ सप्टेंबर १९५५ चा. जॉर्जिया राज्यातील मेकन गावचे लिटल रिचर्ड हे २२ वर्षांचे गायक ध्वनिमुद्रणाला आले होते. बस स्थानकावरच्या खाणावळीत भांडी घासून ते पोट भरीत असत. पहिला दिवस गेला, दुसराही बहुतेक गेला, पण गाण्यात जीव येईना. रंगमंचावर धुमाकूळ घालणारा हा माणूस मायक्रोफोनपुढे सभ्यपणे गात होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे जवळच्या 'ड्यू ड्रॉप इन' या क्लबात गेले. तेथे पियानो दिसताच रिचर्ड त्यावर तुटून पडले आणि एक चावट गाणे बेभान होऊन गाऊ लागले. ब्लॅकवेल यांनी कान टवकारले. हेच हवे होते! पण शब्द असे की तबकडीवर छापणे अशक्य. मग डोरोथी लाबोस्ट्री या तरुण गीतकार बाईंना बोलावून शब्द घाईघाईने बदलून घेतले. खोलीचा वेळ संपायला सुमारे पंधरा मिनिटे उरली होती. पियानोवाल्याला गाणे शिकवायला सवड नव्हती, म्हणून रिचर्ड स्वतःच पियानोवर बसले. दोन-तीनदा गायले आणि 'टुटी फ्रुटी' तयार झाले.

जरा विचार करा. ज्याला कळी फिरवीत बसण्याची सवय आहे, त्याच्याकडे ते गाणे हुकले असते. पंधरा मिनिटांत सगळी मांडणी नव्याने करायला वेळ कोठला? मटासांकडे मांडणी आधीच पक्की होती. वादळ आले आणि त्यांनी ते नुसते आत येऊ दिले.

पुढे पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणे सौम्य करून गायले आणि सर्वसाधारण खपाच्या यादीत ते मूळ गाण्याच्याही वर गेले. गाणे उचलता आले, पण त्या खोलीचा नाद कोणाला उचलता आला नाही. आज बून यांची तबकडी क्वचितच कोणी लावतो. लिटल रिचर्ड यांची तबकडी मात्र अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने २०१० मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली.

पैशाचे काय झाले, असे वाचक विचारतील. लाखो तबकड्या खपल्या, पण मोठा पैसा दूरच्या शहरांतील कंपन्यांकडे गेला. वादकांना त्या दिवसाची ठरलेली बिदागी मिळे. आपल्या गाण्यांचे हक्क किरकोळ रकमेला गेल्याची तक्रार लिटल रिचर्ड पुढे जन्मभर करीत राहिले. मटासांना मिळे ते खोलीचे भाडे. तबकडीच्या यशात वाटा ना वादकांना, ना त्यांना.

यशानेच घात केला

१९५६ च्या सुमारास मटासांनी जुनी खोली सोडली आणि गव्हर्नर निकोल्स स्ट्रीटवर मोठा स्टुडिओ उघडला. तेथेही काम जोरात चालले. ॲलन टूसाँ हे तरुण संगीतकार पुढे आले. अर्नी के-डो यांचे 'मदर-इन-लॉ' १९६१ मध्ये साऱ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पण जग बदलत होते. न्यू यॉर्कमध्ये टॉम डाउड यांच्यासारखे ध्वनिमुद्रक आठ वेगवेगळ्या पट्ट्यांवर आवाज घेऊ लागले होते. अर्ल पामर यांच्यासारखे वादक जास्त कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला गेले. १९६४ नंतर इंग्लंडच्या बीटल्स मंडळींनी बाजार व्यापला. गंमत अशी की बीटल्स स्वतः लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो यांचे भक्त होते!

आपल्या गावचे कलावंत आणि त्यांच्या लहान कंपन्या टिकाव्यात म्हणून मटासांनी तबकड्या छापून देशभर पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला. 'डोव्हर रेकॉर्ड्स' हे त्याचे नाव. १९६६ मध्ये रॉबर्ट पार्कर यांचे 'बेअरफुटिन्' गाजले. पाठोपाठ ॲरन नेव्हिल यांचे 'टेल इट लाइक इट इज' हे गाणे १९६७ च्या सुरुवातीला देशात दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. आणि येथेच घात झाला. दुकानदारी करणाऱ्या वाचकांना हे गणित लगेच कळेल. गाणे गाजले की हजारो तबकड्या आणखी छापाव्या लागतात. छापखान्याचे पैसे लगोलग द्यायचे, पण गावोगावचे विक्रेते माल उधारीवर उचलतात आणि पैसे महिनोन् महिने देत नाहीत. जितका खप जास्त, तितकी उधारी जास्त. त्यात कर थकला. दशक संपता संपता सरकारने स्टुडिओला टाळे लावले आणि यंत्रसामग्री लिलावात गेली. ज्या यंत्रांनी एका शहराचा आवाज जगभर पोचवला, त्यांच्यावर बोली लागली.

पुन्हा दुकानात

त्यानंतरही काही वर्षे ते ध्वनिमुद्रणाच्या कामात राहिले. पुढे १९८० च्या दशकात ते घरच्या किराणा दुकानात परत गेले. जेथून निघाले तेथेच येऊन पोचले. फ्रेंच वस्तीतल्या त्या दुकानात पाव आणि दूध घ्यायला येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना समोरचे म्हातारे गृहस्थ कोण आहेत हे ठाऊक नसेल.

लोकांनी त्यांना अगदीच विसरले असे मात्र झाले नाही. 'द फॅट मॅन'ला ५० वर्षे झाली त्या दिवशी, १० डिसेंबर १९९९ रोजी, रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या जुन्या वास्तूवर स्मरणफलक लागला. २००७ मध्ये ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यांना विश्वस्तांचा खास सन्मान दिला. २०१२ मध्ये रॉक अँड रोलच्या कीर्तिदालनात त्यांचे नाव लागले, आणि तेही टॉम डाउड यांच्या शेजारी. ११ सप्टेंबर २०१४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डॉमिनो २०१७ मध्ये गेले, बार्थोलोम्यू २०१९ मध्ये शंभरी ओलांडून गेले, लिटल रिचर्ड २०२० मध्ये. ती खोली भरून टाकणारी मंडळी अशी एकेक करून निघून गेली. त्या वास्तूत पुढे कपडे धुण्याच्या यंत्रांचे दुकान निघाले. उंबऱ्याशी फरशीत बसवलेले 'जे अँड एम म्युझिक शॉप' हे नाव मात्र तसेच राहिले.

ऑगस्ट २००५ मध्ये 'कॅटरिना' चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग पाण्याखाली गेला. १९६० चे 'कॅरोल' ज्यांनी पाहिले किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्यांना वादळ काय नेते हे सांगायला नको. फॅट्स डॉमिनो यांचे घर बुडाले. काही दिवस ते गेलेच अशी आवई होती, पण त्यांना होडीतून वाचवून बाहेर काढले होते. घरातले सामान, पियानो, भिंतीवरच्या मानाच्या सोनेरी तबकड्या, सगळ्यांत पाणी शिरले. गेला नाही तो आवाज. १९४९ च्या त्या डिसेंबरात एका तरुण दुकानदाराने पकडून ठेवलेला आवाज कोणत्याच पुराच्या हाती लागला नाही.

आम्ही हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आपली झाकरी येत होती. गणपतीच्या दिवसांत ढोलकीवर फेर धरणाऱ्या मंडळींचा तो आवाज, लग्नाच्या हळदीला आजीबाई म्हणत त्या ओव्या, कोठीवरच्या जुन्या माणसांच्या तोंडची ती मराठी. त्यांतले किती आपण जपले? किती आजी-आजोबांबरोबर गेले? कोसिमो मटासांकडे तीन-चार मायक्रोफोन आणि बैठकीएवढी खोली होती. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात जो फोन आहे त्याला स्टुडिओसुद्धा लागत नाही.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला गाणे म्हणायला सांगावे. खिडकी लावून घ्यावी, म्हणजे रस्त्याचा गोंगाट आत येणार नाही. फोन फार जवळ धरू नये, हातभर अंतरावर टेबलावर ठेवावा. आणि एकदा सुरू केला की त्याला हात लावू नये. आजीचा सूर चुकला, मध्ये दम लागला, कडवे मागेपुढे झाले, तरी थांबवू नये. जसे आहे तसे येऊ द्यावे. ज्यांनी ते गाणे इतकी वर्षे सांभाळले, ते कसे म्हणायचे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.